जुनी ओम्नी: टेम्परेचर आणि पेट्रोल, दोन्ही काटे खोटं बोलतायत

ओम्नीवाला_९७

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ओम्नी, १९९७ची, कार्बोरेटरवाली, पाच सीटर. वडिलांनी दुकानासाठी घेतली होती. आता दुकान नाही, गाडी आहे. २०२२ साली डेंटिंग-पेंटिंग करून पुन्हा पासिंग करून घेतलं, म्हणजे २०२७पर्यंत तरी ती कुठे जात नाही. शनिवारी आईला घेऊन भोरजवळ गावाला जायचं आणि रविवारी तांदूळ, नारळ आणि आईला घेऊन परत यायचं, एवढंच तिचं काम.

तक्रार अशी. शनिवारी संध्याकाळी निघतो, कात्रजचा जुना घाट चढतो. घाटात काटा ठीक असतो, म्हणजे मध्याच्या जरा वर. बोगदा ओलांडून शिंदेवाडीकडे उतरायला लागलो की टेम्परेचरचा काटा सरळ एचला (हॉट). गाडी बाजूला घेतो, बंद करतो, वीस मिनिटं थांबतो. पुन्हा चालू केल्यावर थोडा वेळ बरा, की परत एच. रविवारी दुपारी येताना गाडी दुप्पट भरलेली असते, पण काटा एचला जात नाही.

घराजवळच्या गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) बदलला, कूलंट बदललं, इंजिनावरचा टेम्परेचर सेन्सर बदलला. फरक शून्य. आता म्हणतात हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याच्या वरच्या हेडमधलं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल, नऊ-दहा हजार धरा. पण पाणी कमी होत नाही, ऑइल दुधाळ नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

दुसरं म्हणजे गेल्या शनिवारी खेड शिवापूरच्या पुढे गाडी बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. काटा अर्ध्याच्या जरासा खाली दाखवत होता! आईने देवाचं नाव घेतलं आणि मी दुसरं काहीतरी घेतलं. पेट्रोलच्या काट्यासाठी वेगळा धागा काढू का?

कोथरूडकर

थर्मोस्टॅट काढूनच टाका. पुण्याच्या हवेत लागतोच कशाला? माझ्या जुन्या आठशेत आठ वर्षं नव्हता.

सदाशिव_पेठी

काटा अर्ध्यावर असताना पेट्रोल संपलं याचा अर्थ गाडी आशावादी आहे. मालकाने तसं असू नये.

फोरमनकाका

धागा वेगळा काढू नका. तुमच्या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे.

आधी कोथरूडकरांना. थर्मोस्टॅट काढला की इंजिन तापायला फार वेळ लागतो, हायवेला तर ते थंडच राहतं. पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं, पिस्टनच्या रिंगा घासतात. आठ वर्षं काही झालं नाही असं तुम्हाला वाटलं, कारण इंजिन बोलत नाही. कृपया हा सल्ला देऊ नका.

आता ओम्नीवाले. मी पिंपरीच्या एका कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमच्याकडे नवीन पोरांना पहिली गोष्ट हीच शिकवायचो: एक काटा चुकला तर त्या काट्याची तार आणि त्याचा सेन्सर बघ. दोन काटे एकाच वेळी, एकाच दिशेला चुकले तर दोघांना सामाईक काय आहे ते बघ. तुमचे दोन्ही काटे खऱ्यापेक्षा जास्त दाखवतायत. इंजिनाचा सेन्सर आणि टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट एकाच महिन्यात एकाच दिशेला बिघडतील का? दोन्ही मीटरना करंट एकाच ठिकाणाहून येतो. तिथे बघा. हेडला हात लावू देऊ नका.

तारेवरची

काकांना +१. आणि एक प्रश्न, उत्तर नीट आठवून द्या. शनिवारी बोगद्यात शिरताना तुम्ही हेडलाइट लावता का? आणि बाहेर आल्यावर बंद करता का?

ओम्नीवाला_९७

लावतो. आणि बाहेर आल्यावर तसेच ठेवतो, कारण तोपर्यंत अंधारायला लागलेलं असतं.

थांबा.

रविवारी दुपारी हायवेच्या नव्या बोगद्यातून येतो. तिथे आत उजेड असतो म्हणून लावत नाही.

थांबा, थांबा. खाली पार्किंगमध्ये जाऊन येतो.

फोरमनकाका

बोगद्यात दिवे लावायचेच असतात. उजेड तुम्हाला दिसावं म्हणून नाही, तुम्ही दुसऱ्याला दिसावं म्हणून. बाकी जाऊन या.

ओम्नीवाला_९७

आलो. गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवली. काटा मध्याच्या जरा वर. हेडलाइट लावले. लगेच काही झालं नाही, म्हणून म्हटलं ताईंचा अंदाज चुकला. तेवढ्यात काटा सरकायला लागला. अर्ध्या-पाऊण मिनिटात एचच्या जवळ. पेट्रोलचा काटापण त्याच्याबरोबर वर! टाकीत परवा टाकलेलं पाच लिटर असेल, काटा म्हणतोय अर्धी टाकी. दिवे बंद केले, दोघे हळूहळू खाली.

दोन महिने मी घाटाला शिव्या घालत होतो.

आता विचारतो: हेडलाइटचा आणि इंजिनाच्या तापमानाचा संबंध काय?

तारेवरची

इंजिनाच्या तापमानाशी काही नाही, काट्याच्या तापमानाशी आहे. जरा लांब लिहिते.

जुन्या गाड्यांत हे दोन्ही मीटर बायमेटलचे असतात. दोन धातूंची एकावर एक चिकटवलेली पट्टी, तिच्याभोवती बारीक तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून करंट गेला की पट्टी तापते, वाकते, आणि वाकताना काटा ढकलते. म्हणून हे काटे आळशी असतात. चावी फिरवल्यावर पेट्रोलचा काटा सावकाश चढतो ना, तो याचमुळे. त्याचा फायदा असा की खड्ड्यात पेट्रोल हिंदकळलं तरी काटा नाचत नाही.

किती करंट जाणार हे सेंडर, म्हणजे पलीकडच्या टोकाचा सेन्सर, ठरवतो. इंजिनावरचा सेंडर तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो, करंट वाढतो, काटा एचकडे. टाकीतला फ्लोट वर गेला की तिथला रेझिस्टन्स उतरतो, काटा फुलकडे. दोन्ही सेंडरना एकेकच तार, परतीचा रस्ता गाडीच्या बॉडीतून.

आता यात गोची अशी की बॅटरी कधी साडेबारा व्होल्ट देते, अल्टरनेटर चालू झाला की चौदा. तेवढ्याने काटे वरखाली व्हायला नकोत म्हणून मध्ये एक स्टॅबिलायझर बसवतात. काही गाड्यांत त्याची वेगळी पत्र्याची डबी असते, काहींत तो पेट्रोलच्या मीटरच्या पोटातच असतो. तोही बायमेटलचाच: पट्टी तापते, वाकते, कॉन्टॅक्ट उघडतो, थंड होते, कॉन्टॅक्ट लागतो. असं चालू-बंद करत तो मीटरना सरासरी ठरावीक व्होल्टेज देत राहतो.

पण त्या पट्टीला तापायला स्वतःचं वेटोळं लागतं, आणि त्या वेटोळ्याला अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीचा जोड) लागतो. अर्थ कच्चा असेल तर पट्टी पुरेशी तापत नाही. कॉन्टॅक्ट उघडायला उशीर करतो, किंवा उघडतच नाही. मग मीटरना थेट बॅटरी. व्होल्टेज दीडपट झालं तर उष्णता सव्वादोनपट होते, कारण ती वर्गाने वाढते. काटा एचला जाणारच.

आणि डॅशबोर्डमधले उजेडाचे बल्ब त्याच अर्थवर असतात. हेडलाइट लावले की तेही लागतात, त्यांचा करंट त्याच कच्च्या जोडातून जायला बघतो, आणि स्टॅबिलायझरच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. तुमचे डॅशचे दिवे मंद आहेत का हो?

ओम्नीवाला_९७

मिणमिणते आहेत. बल्ब जुने झाले समजून मी ते बदलायच्या यादीत टाकले होते.

मॅटाडोर_३०५

वाचतोय, मजा येतेय. आमची मॅटाडोर आकुर्डीची, म्हणजे बजाज टेम्पोची, कंपनीचं नाव फोर्स व्हायच्या फार आधीची. लग्नाच्या सीझनला वऱ्हाड न्यायची. तिच्यात उलटं झालं होतं. दोन्ही काटे मेल्यासारखे खाली. डिझेल किती आहे ते आम्ही टाकीत बांबूची कामटी घालून बघायचो. एकदा नवऱ्या मुलाच्या मामांनी ती कामटी बघितली आणि विचारलं, हीच गाडी का? शेवटी फ्यूज निघाला. फ्यूज गेलेला नव्हता, त्याच्या पत्र्याच्या चिमट्याला हिरवा गंज चढला होता.

फोरमनकाका

अगदी. दोन्ही वर असतील तर स्टॅबिलायझर आणि त्याचा अर्थ. दोन्ही खाली पडले असतील तर फ्यूज, चावीवरून येणारी तार, नाहीतर स्टॅबिलायझरचे कॉन्टॅक्ट जळालेले.

ओम्नीवाले, एक गोष्ट मात्र पक्की करा. काटा खोटं बोलतोय हे कळलं म्हणून इंजिन थंडच आहे असं धरून चालू नका. खोटं बोलणारा माणूसही कधीकधी खरं बोलतो. घाट चढून आल्यावर इन्फ्रारेड गनने थर्मोस्टॅटच्या तोंडाशी तापमान बघा. पंचाऐंशी-नव्वदच्या आसपास असेल तर चिंता नाही. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

ओम्नीवाला_९७

आज सोसायटीतल्या एकाकडून गन आणली. सीटखालचं झाकण उघडून बघितलं. (ज्यांनी ओम्नी चालवली नाही त्यांच्यासाठी: इंजिन पुढच्या सीटखाली असतं. उन्हाळ्यात पुण्यात हे वेगळं सांगावं लागत नाही.) काटा एचला, गन म्हणते ८७. नऊ-दहा हजार वाचले.

आता मीटर कुठे लावून काय मोजू? मल्टिमीटर आहे, तपकीर गल्लीतून घेतलेला, साधाच.

तारेवरची

साधा चालेल. क्लस्टर (डॅशमधली सगळ्या मीटरची डबी) सोडवून पुढे ओढा, कनेक्टर लागलेले राहू देत. मागे स्पीडोमीटरची केबल असते, ती आधी मोकळी करा, नाहीतर ओढाताणीत ती तुटेल आणि पुढचा धागा स्पीडोमीटरवर काढावा लागेल.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, वीसच्या रेंजला. काळी तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, बॉडीवर नको. बॉडीवरच तर संशय आहे. तार पुरणार नाही, एखादी लांब वायर जोडून घ्या. लाल टोक क्लस्टरच्या अर्थच्या पिनवर. इंजिन चालू. अर्थ चांगला असेल तर आकडा शून्याला चिकटलेला पाहिजे, शून्य दशांश एक वगैरे ठीक. मग दिवे लावा आणि पुन्हा बघा. दोन्ही आकडे इथे लिहा.

बरेच जण इथे ओहमवर मोजतात आणि फसतात. मीटरचा ओहमचा करंट इतका थोडा असतो की तारेचा एकच धागा उरला असेल तरी तो जोड चांगला दिसतो. लोड असताना व्होल्ट मोजले की खरं कळतं.

ओम्नीवाला_९७

दिवे बंद: आकडा नाचतोय, शून्य ते चारच्या दरम्यान.
दिवे चालू: साडेनऊ. स्थिर.

हे वाईट आहे ना?

तारेवरची

हे सुंदर आहे! अर्थच्या पिनवर साडेनऊ व्होल्ट म्हणजे तो अर्थ राहिलाच नाही. दिवे बंद असताना आकडा नाचतोय तो स्टॅबिलायझरच चालू-बंद होतोय. म्हणजे तो जिवंत आहे, बदलू नका. दिवे लावले की स्थिर, म्हणजे त्याचा कॉन्टॅक्ट लागला तो लागलाच.

एक जाड तार घ्या, एक टोक क्लस्टरच्या अर्थच्या पिनला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. तात्पुरतं. बघा काय होतं.

ओम्नीवाला_९७

लोकहो.

डॅशबोर्ड दिवाळीसारखा उजळला. मला माहीतच नव्हतं की घड्याळाच्या आकड्यांना हिरवट छटा आहे. टेम्परेचर मध्याच्या खाली, पेट्रोल ई (एम्प्टी) च्या जरा वर. दिवे चालू करा, बंद करा, काटे ढिम्म.

आई खिडकीतून विचारतेय, गाडीत बसून एकटाच का हसतोस.

सदाशिव_पेठी

अभिनंदन. आता त्या गॅरेजला थर्मोस्टॅट, कूलंट आणि सेन्सरचे पैसे परत मागा. दुपारी एक ते चार सोडून जा.

नवशिका

माफ करा, मध्येच विचारतो. त्या सेन्सरच्या आट्यांना गॅरेजवाले पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतात. मी वाचलंय की त्याने अर्थ तुटतो आणि काटा चुकतो. खरं का? कदाचित ओम्नीवाल्यांचं तेच असेल.

फोरमनकाका

ओम्नीवाल्यांचं ते नाही. टेपने अर्थ कमी झाला तर काटा खाली येईल, वर जाणार नाही. दिशा बघत जा.

बाकी प्रश्न बरोबर आहे. एक-दोन वेढे दिले तर घट्ट करताना आट्या टेपला कापून धातूला भिडतात, काही होत नाही. नळाला गुंडाळतात तशी सात-आठ वेढ्यांची पगडी बांधली तर होऊ शकतं. सेन्सरच्या अंगावर मल्टिमीटरचं एक टोक आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर दुसरं ठेवून, गाडीचा काटा चालू असताना व्होल्ट बघायचे. वाद मिटतो.

ओम्नीवाला_९७

अर्थची मूळ तार कुठे जाते ते शोधलं. डॅशखाली, ड्रायव्हरच्या बाजूला, पत्र्याला एका स्क्रूने थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) बसवलंय. स्क्रू काढला. थिंबलच्या खाली काय असावं? रंग. छान, गुळगुळीत, चकचकीत पांढरा रंग.

२०२२ला पासिंगच्या आधी रंगकाम केलं तेव्हा स्क्रू काढून, आतपर्यंत फवारून, वाळल्यावर परत स्क्रू बसवला होता. त्या वेळी 'आतूनपण मारू ना साहेब?' असं रंगाऱ्याने विचारलं होतं आणि मीच मोठ्या मनाने हो म्हटलं होतं. सुरुवातीला स्क्रूच्या आट्यांतून जेमतेम अर्थ मिळत असणार. मग तीन-चार पावसाळे झाले, आट्यांत गंज आला.

पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, थिंबल नवं क्रिम्प केलं, दातेरी वॉशर टाकला, वरून व्हॅसलीन. पिनवर आता ०.०४ व्होल्ट, दिवे चालू असताना.

फोरमनकाका

उत्तम. आता इंजिनापासून बॉडीला आणि बॅटरीपासून बॉडीला येणाऱ्या जाड पट्ट्याही काढून घासा. रंगाऱ्याने एक स्क्रू सोडला नसेल तर बाकीचेही सोडले नसतील. त्या पट्ट्या कच्च्या असतील तर स्टार्टरचा करंट चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतीचा रस्ता शोधतो. केबल आतून भाजून जाम झालेल्या मी पाहिल्यात.

कोथरूडकर

एवढं करत बसण्यापेक्षा जुना स्टॅबिलायझर काढून ७८०५ आयसी (ठरावीक व्होल्टेज देणारी छोटी चिप) लावला असता. वीस-पंचवीस रुपयांचं काम. माझ्या मित्राने लावलाय.

तारेवरची

आयसीला काय अर्थ लागत नाही? अर्थ नसलेला ७८०५ही इनपुटच्या जवळपासचंच व्होल्टेज पुढे ढकलतो. चूक जिथल्या तिथे राहिली असती, वर एक नवीन वस्तू वाढली असती.

स्टॅबिलायझर खरोखर मेला असेल तर आयसी लावायला हरकत नाही, बरेच जण लावतात. पण ७८०५ म्हणजे पाच व्होल्ट. तुमच्या मीटरना पाच हवेत की सात की दहा, ते गाडीगाडीवर आहे. आणि जुन्या स्टॅबिलायझरचं आउटपुट मल्टिमीटरने मोजून तेवढ्याचा आयसी आणलात तरी काटे कमीच दाखवतील. का, तर मल्टिमीटर चालू-बंदची साधी सरासरी दाखवतो आणि काटा चालतो उष्णतेवर. अर्धा वेळ चौदा व्होल्ट म्हणजे सरासरी सात, पण उष्णता दहा व्होल्ट सतत दिल्याएवढी. म्हणून ॲडजस्ट होणारा रेग्युलेटर घ्या, टाकीत माहीत असलेलं पेट्रोल टाका आणि काटा बघून जुळवा. आयसी पत्र्याला घट्ट बसवा, तापतो.

कोथरूडकर

मित्राचा काटा कमीच दाखवतो खरा. तो म्हणतो सेफ असतं.

ओम्नीवाला_९७

पाच दिवसांनी आलो. वाईट बातमी. आज सकाळी सिंहगड रोडला, राजाराम पुलाच्या सिग्नलला, दोन्ही काटे एकदम शून्यावर. पुढच्या खड्ड्यात गाडी आदळली, दोन्ही परत आले. फ्यूज बघितला, ठीक. फ्यूजचे चिमटे पण घासले (मॅटाडोरवाल्यांना नमस्कार).

मॅटाडोर_३०५

पोचला.

तारेवरची

तुम्हीच केलंत ते. रागावू नका. क्लस्टर काढला-घातला ना? त्याच्या मागे तांब्याच्या पट्ट्या छापलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तेच त्याचं वायरिंग. मीटरच्या मागून येणारे स्क्रू त्या पापुद्र्यातून बाहेर येतात आणि बारीक नटने आवळलेले असतात. ते नट वर्षानुवर्षांच्या हादऱ्याने ढिले होतात, आणि तुम्ही क्लस्टर ओढल्यावर उरलेसुरले झाले असतील. पेट्रोलच्या मीटरच्या मागे किती स्क्रू आहेत, टेम्परेचरच्या मागे किती, बघा.

ओम्नीवाला_९७

पेट्रोलला तीन, टेम्परेचरला दोन.

तारेवरची

मग तुमच्या गाडीत स्टॅबिलायझर पेट्रोलच्या मीटरच्या पोटात आहे. तिथून टेम्परेचरला पुरवठा जातो. त्या तीनपैकी जिथून करंट आत येतो तो नट ढिला असला की दोघे एकदम मरतात. पापुद्र्यावरचं तांबं काळं पडलं असेल तर शाळेचं खोडरबर घ्या, हलक्या हाताने पुसा. पॉलिश पेपर इथे नको, तांबं कागदाएवढं पातळ असतं. नट बोटाने आणि मग जेमतेम पाव फेरा. जोर लावलात तर आतला स्क्रू फिरेल आणि वेटोळ्याची तार तुटेल.

ओम्नीवाला_९७

मधला नट बोटाने दोन फेरे फिरला. मुलीचं खोडरबर वापरलं, ते आता काळं झालंय, त्याबद्दल घरात वेगळा वाद चालू आहे. खड्डे मुद्दाम शोधले, त्यासाठी लांब जावं लागलं नाही. काटे जागेवर.

पण आता पेट्रोल. टेम्परेचर एकदम खरं बोलतंय. पेट्रोलचा काटा मात्र टाकी फुल केली तरी अर्ध्याच्या पुढे जात नाही. आधी जास्त दाखवायचा, आता कमी!

फोरमनकाका

आता एकच काटा चुकतोय. म्हणजे आता सेंडर. पहिल्यापासून तो बिघडलेलाच असेल, वरच्या गडबडीत झाकला गेला होता.

तरी खात्री करून घ्या. टाकीपाशी सेंडरच्या तारेचा जोड आहे तो सोडवा. चावी चालू: काटा ई ला पडला पाहिजे. मग चावी बंद करून त्या तारेला ३.४ वॅटचा छोटा बारा व्होल्टचा बल्ब जोडा, बल्बचं दुसरं टोक बॉडीला पक्कं, आणि मगच चावी चालू करा. बल्ब लागेल आणि काटा फुलकडे चढायला लागेल. चढला की चावी बंद. तार थेट बॉडीला टेकवणारे पुष्कळ आहेत, पण त्यात मीटरचं वेटोळं जळू शकतं. आणि टाकीजवळ ठिणगी पडेल असं काहीही चावी चालू असताना जोडायचं-काढायचं नाही. हे मोकळ्या हवेत करा, पार्किंगच्या तळघरात नको.

ओम्नीवाला_९७

तार सुटी: ई. बल्बमधून: फुल. मीटर आणि तार निर्दोष सुटले.

टाकी उतरवायचं काम मी स्वतः केलं नाही. पेट्रोल आणि मी यांच्यात कोणी जाणता माणूस असावा असं घरच्यांचं मत पडलं, ते मला पटलं. दुसऱ्या गॅरेजला दिलं, पण सेंडर बाहेर काढल्यावर मला बोलवा म्हणून सांगितलं. मीटर लावून बघितला. फ्लोट पूर्ण खाली ११२ ओहम, पूर्ण वर ४. म्हणजे ट्रॅक (सेंडरमधली रेझिस्टन्सची पट्टी) चांगला! मग कमी का दाखवतो? मेकॅनिकने फ्लोट कानाजवळ हलवला आणि माझ्या हातात दिला. आत खुळखुळ. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं होतं, अर्धवट बुडून राहत होता.

सदाशिव_पेठी

म्हणजे पेट्रोल मोजणारा पेट्रोल पीत होता. आमच्या पेठेत असे एक ट्रस्टी होते.

मॅटाडोर_३०५

फ्लोट कुठे मिळाला? नाना पेठेत?

ओम्नीवाला_९७

नाना पेठेत चार दुकानं फिरलो. नुसता फ्लोट कोणी देत नाही, पूर्ण सेंडर घ्या म्हणतात, आणि दाखवलेल्या दोन सेंडरचा दांडा वेगळ्या लांबीचा होता. ओम्नीचं उत्पादन २०१९ला बंद झालं, पण माल अजून येतो, बघून घ्यावा लागतो. शेवटी रविवारी जुन्या बाजारात एका पथारीवर सेंडर मिळाला, दीडशे रुपये, घासाघीस करून. त्याचा ट्रॅक गेलेला होता, फ्लोट ठणठणीत. बादलीत पाणी घेऊन तिथेच तरंगवून बघितला, पथारीवाल्याने बादली दिली आणि वर म्हणाला, नारळ फोडू का साहेब.

माझा सेंडर, त्याचा फ्लोट. बसवला, वॉशर नवीन घातला. टाकी फुल, काटा फुल.

काल शनिवार. संध्याकाळी निघालो, कात्रज चढलो, बोगद्याच्या तोंडाशी दिवे लावले. काटा हलला नाही. शिंदेवाडीपर्यंत मी रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त बघत होतो, शेवटी आई म्हणाली पुढे बघ. कापूरहोळला चहाला थांबलो, तेव्हा नेहमी गाडी थंड करायला थांबायचो त्या जागेवरून पुढे आलोय हे तिच्याच लक्षात आलं.

काका, ताई, तुमचे दोघांचे आभार. इंद्रायणी तांदूळ आणलाय, पत्ता व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) कळवा.

तारेवरची

तांदूळ नको, तो मधला नट सहा महिन्यांनी एकदा बघा. (बरं, दोन किलो चालेल.)

फोरमनकाका

इंजिनाच्या पट्ट्या घासल्या का? त्याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही.

ओम्नीवाला_९७

उद्या करतो.

फोरमनकाका

म्हणजे नाही.

नवशिका

खूप शिकायला मिळालं. माझ्याकडे २००३ची व्हॅन आहे, तिचा बॅटरीचा लाल दिवा गाडी चालू असताना अंधुक जळत राहतो, पूर्ण विझत नाही. इंडिकेटर दिला की जरा जास्त पेटतो. हेही अर्थचंच असेल का? इथेच विचारू का?

सदाशिव_पेठी

नवा धागा काढा. आणि शीर्षकात 'अर्जंट' लिहू नका.